तक्त्यात नसलेली जखम

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पिकाचा उतारा, बाजाराचे भाव, रेल्वेचे फाटे आणि पेढीवाल्यांची भरभराट ह्यांची नोंद विपुल केली. परंतु शेतातला कापूस ज्यांच्या माथ्यावरून सरकी काढणाऱ्या रेच्यापर्यंत पोचला, आणि रेच्यावरची रुई गाठींच्या रूपाने ज्यांच्या माथ्यावरूनच मालगाडीच्या डब्यात चढली, त्या माणसांच्या माथ्यास इजा झाल्यास तिची भरपाई कोणी, किती आणि कोणत्या पुराव्यावर द्यावयाची, ह्या प्रश्नाची हकीकत कोणी एकत्र मांडल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. ओझे वाहणाऱ्यास आपल्या भाषेने ‘माथाडी’ हे नाव दिले. म्हणजे ज्या अवयवाने तो पोट भरतो, तोच त्याच्या धंद्याचा शब्द झाला. असे असूनही डोक्याच्या आत होणारी जखम, जिला आज आपण मेंदूतील रक्तस्राव म्हणतो, ती कायद्याच्या दृष्टीस फार उशिरा पडली, आणि पुरती अजूनही पडलेली नाही, असे मला ह्या विषयाचे कागद चाळताना वारंवार वाटत आले आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी जखमी माणसाची किंवा त्याच्या मुलाबाळांची काळजी राज्यकर्त्यास मुळीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी राज्यात लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या कुटुंबास ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळत असे. परंतु ती चाकरीची कदर होती. हक्काची मागणी नव्हे. वऱ्हाडात तर निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांचा दोअमली कारभार दीर्घकाळ चालला, आणि एकाच गावचा वसूल दोन धनी नेत असता, अंगावर भिंत पडून अधू झालेल्या कुणब्याने किंवा मजुराने दाद कोठे मागावी, हा प्रश्नच कोणास सुचण्यासारखा नव्हता. भाऊबंद, जात आणि गाव ह्यांच्या आधारावर तो जगे, किंवा जगत नसे.

१८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, आणि त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटून लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई पडली, तेव्हा ह्या काळ्या जमिनीचे दैव पालटले. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला आणि बडनेरा ओलांडून नागपुरास भिडली, पुढे बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा आला, आणि हातरहाटावर सरकी काढण्याचा जुना उद्योग मागे पडून वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस गावोगाव उभे राहिले. अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेऱ्याची गिरणी ही नावे लोकांच्या तोंडी राहिली. लहानसहान जिनांची नावे मात्र त्यांच्या धुराड्यांबरोबर पडून गेली.

त्या जिनाच्या आतील देखावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अपघाताचे कारण निराळे सांगावे लागत नाही. रेच्यांच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक रेच्यापुढे ओंजळीने कापूस भरवणारी बाई, फरशीखाली किंवा रेच्यांच्या पाठीमागे सर्व यंत्रांना गती देणारा एकच लांब लोखंडी दांडा, त्यावरून फिरणारे चामडी पट्टे, आणि हवेत रुईच्या तंतूंचे इतके दाट धुके की चार हातांवरचा माणूस ओळखू येऊ नये. पट्ट्यात लुगड्याचा पदर अडकला की बाई फरफटत जाई. प्रेसकडे दुसरा प्रकार: दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ सुमारे ३९२ पौंडांची, म्हणजे दोन माणसांहून जड, आणि अशा गाठींची थप्पी छतापर्यंत रचलेली. तिच्यातील एक निसटली आणि हमालाच्या डोक्यास नुसती चाटून गेली, तर बहुधा रक्तही दिसत नसे. तो उठून बसे, पाणी पिई, मुकादमाने विचारल्यास बरे आहे म्हणे, आणि संध्याकाळची मजुरी घेऊन घरी जाई. रात्री त्याला उठवू गेले तर तो उठत नसे. कवटीच्या आत धमनी फुटली असता प्रारंभी शुद्ध राहून काही तासांनी ती हरपते, हे वैद्यकास ठाऊक असलेले लक्षण आहे. परंतु जिनाच्या वहीत त्या दिवशी लिहिले जाई ते इतकेच की मजूर आपल्या पायांनी घरी गेला.

अशा माणसास, किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांस, कायद्याने काय दिले होते? १८५५ साली प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला, आणि दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्याच्या बायकोस, मुलांस व आईबापांस नुकसानीचा दावा लावण्याची सोय झाली. जो मेला नाही, पण जगण्यास निरुपयोगी झाला, त्याने साधा दिवाणी दावा करावयाचा. आणि १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने शरीरास झालेल्या इजेच्या भरपाईची मुदत एक वर्षाची ठरवली. दाव्यास स्टॅम्प हवा, वकीलपत्र हवे, साक्षीदार हवेत, आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा तर ते साक्षीदार त्याच मालकाच्या मजुरीवर जगणारे. अमरावती हे वकिलांचे गाव होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी ह्यांच्या वकिलीने त्या गावास एवढे वजन आणले की १८९७ ची काँग्रेस तेथे भरली. परंतु आठ आणे रोजाचा हमाल ज्या वकिलाच्या पायरीपर्यंत पोचू शकत नाही, त्या वकिलाची विद्वत्ता त्याच्या उपयोगाची नसते. त्यातून वऱ्हाडची कायदेशीर स्थितीही विलक्षण: १९०२ च्या करारान्वये सालिना २५ लाख रुपयांच्या मक्त्यावर तो मुलूख कायमचा इंग्रजांकडे राहिला आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडला गेला, तरी कागदोपत्री तो निजामाचाच असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागत नसत, निराळ्या हुकुमाने लावावे लागत.

असाच लावलेला एक कायदा म्हणजे १८६० ची दंडसंहिता. तिच्या ३२० व्या कलमात ‘भारी दुखापत’ कोणती, ह्याची आठ प्रकारांची यादी आहे, आणि ती यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा तिच्यातील एका उणिवेवर दृष्टी अडखळते. डोळ्याची दृष्टी जाणे, कानाचे ऐकू येणे बंद होणे, अवयव किंवा सांधा गमावणे, हाड मोडणे, एवढेच नव्हे तर दात पडणे, हे सारे भारी. डोक्याचा उल्लेखही आहे. परंतु डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, एवढ्यापुरताच. डोके बाहेरून विद्रूप झाले तर त्याचे नाव यादीत सापडते. आतून उद्ध्वस्त झाले तर शेवटच्या आठव्या प्रकाराचा आश्रय घ्यावा लागतो, ज्यात जिवास धोका किंवा वीस दिवसांच्या तीव्र वेदना, अथवा तितके दिवस नित्याचा व्यवहार करण्याची असमर्थता, अशी कसोटी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने विसाचे पंधरा केले. यादी तीच राहिली. आता मेंदूच्या आवरणाखाली संथपणे साचणारे रक्त बहुधा तीन आठवडे उलटल्यावर, कधी त्याहूनही उशिरा, आपले अस्तित्व दाखवते. म्हातारा माणूस सायकलवरून पडतो, डोक्यास टेंगूळ येते, तो पंधरवडाभर नेहमीसारखा वागतो, आणि मग एके दिवशी त्याचा पाय ओढू लागतो, बोलताना शब्द सापडेनासे होतात. दिवस मोजून इजेची गंभीरता ठरवणाऱ्या कसोटीत हा रोगी पहिल्या पंधरवड्यात निरोगी ठरतो.

कारखान्यांच्या कायद्याने जिनांना आपल्या कक्षेत आणण्यास किती विलंब लावला, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १८८१ चा पहिला कायदा शंभर मजुरांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जीन दिवाळीनंतर पेटणारे आणि हंगाम संपताच विझणारे. १८९१ मध्ये मजुरांची संख्या पन्नासावर आली. हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने देखरेखीखाली आले ते १९११ च्या कायद्याने, म्हणजे वऱ्हाडात वाफेचे रेचे फिरू लागल्यावर कित्येक वर्षांनी.

ह्या सर्व वाटचालीत १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा हा खरा वळणाचा दगड होय. मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांच्या वतीने नारायण मल्हार जोशी बसत होते, आणि अशा कायद्याची निकड त्यांनी सतत मांडली होती. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला, आणि मालकाची चूक सिद्ध न करताही, काम करीत असता व कामामुळे अपघात झाला एवढ्यावर, मजुरास रक्कम मागण्याचा हक्क प्रथमच मिळाला. ह्या एका तत्त्वाची महती कितीही सांगितली तरी थोडीच आहे. मेहेरबानीचे हक्कात रूपांतर तेथे झाले.

परंतु हक्क मोजावयाचा कसा? त्यासाठी कायद्याने एक तक्ता जोडला, आणि मनुष्यदेहाचा तो हिशेब एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. उजवा हात कोपरातून किंवा त्यावर तुटला तर शेकडा ७०; डावा तसाच तुटला तर ६०. पाय गुडघ्यातून किंवा त्यावर तुटल्यास ६०. कायमचे बहिरेपण ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. एका पायाची सगळी बोटे २०. तर्जनी १०. दुसरे कोणतेही बोट ५. संपूर्ण व कायमच्या असमर्थतेस ४२ महिन्यांची मजुरी, किंवा ३,५०० रुपये, ह्यांतील कमी असेल ते. आणि अंशतः असमर्थतेस त्याचा वरील प्रमाणात हिस्सा. केवळ हिशेब समजावा म्हणून दरमहा पंधरा रुपये मिळवणारा मजूर धरला, तर त्याच्या सर्व देहाची रक्कम ६३० रुपये आणि अंगठ्याची १५७ रुपये ८ आणे होते. तक्ता कठोर आहे, तरी त्याच्यात एक प्रामाणिकपणाही आहे: जे तुटले ते भरपाई ठरवणाऱ्या कमिशनरपुढे ठेवता येते, त्यावर वाद घालण्यास जागा राहत नाही, आणि निरक्षर हमालासही आपल्या बोटाची किंमत कोणी लपवू शकत नाही.

त्या तक्त्यात मेंदू नाही. नंतरच्या दुरुस्त्यांनी तक्ता विस्तारला, विभागला, चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता त्यात शंभर टक्क्यांच्या रकान्यात आली. मेंदूस रकाना मिळाला नाही. तक्त्याबाहेरच्या इजेस, तिने कमाईची शक्ती जितकी कायमची कमी केली तितक्या प्रमाणात, रक्कम मिळण्याची तरतूद होती व आहे. पण ते प्रमाण कोणी तरी शाबीत करावयाचे, आणि १९२४ साली वऱ्हाडातला कोणता सरकारी डॉक्टर शपथेवर सांगू शकत होता की ह्या माणसाच्या कवटीत रक्त साचले होते? राँटजेन ह्याने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि मोडलेले हाड काचेवर दिसू लागले. हाडाला साक्ष मिळाली. रक्ताला ती मिळण्यास आणखी पाऊण शतक लागले: १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅन यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले, आणि १९७९ मध्ये त्यास व कॉर्मॅकला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधीच्या काळात डॉक्टर बाहुल्या पाहत, नाडी मोजत, आणि संशय बळावला तर कवटीस भोक पाडून पाहत. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोरला १९४९ मध्ये जेकब चँडी ह्यांनी सुरू केला. अमरावतीच्या आयर्विन रुग्णालयातील किंवा अकोल्यातील रोग्यास त्या विद्येचा लाभ नागपूर-मुंबईची वाट धरल्यावाचून पुढे कित्येक वर्षे नव्हता. आज दोन्ही शहरांत सीटी स्कॅन होतो, अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि हमालाच्या कवटीतील रक्ताचे चित्र तासाभरात हाती येते. तोवर दावे हरले ते खोटे होते म्हणून नव्हे. ते दाखवता येत नव्हते.

मोटारी आल्या आणि अपघाताचे स्थान जिनातून सडकेवर सरकले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला, आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि लगोलग १९५७ च्या फेब्रुवारीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद लागू होऊन ज्या दाव्यास पूर्वी दिवाणी कोर्टात वर्षे लागत तो साध्या अर्जावर चालू लागला. त्या अर्जाच्या मुदतीची कथा मात्र मन अस्वस्थ करणारी आहे. प्रथम मुदत अवघी साठ दिवसांची. १९६९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची झाली. १९८८ च्या नव्या कायद्याने सहा महिनेच ठेवले. १९९४ मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली, आणि जखमी माणूस राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करण्याची मुभा दिली, त्यामुळे दर्यापूरच्या माणसाला पुण्याकडे अपघात झाला तरी त्याची बायको अमरावतीत दाद मागू शकू लागली. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम नोंदवला गेला. त्या सडकेचा अभिमान मलाही आहे. पण सडक जितकी गुळगुळीत तितका वेग अधिक, आणि वेग जितका अधिक तितकी डोक्याची इजा खोल. अशा वेळी दाद मागण्याचा काळ आखडणे मला उचित वाटत नाही. मेंदूला मार बसलेला माणूस सहा महिन्यांत कधी कधी नुकता बोलू लागलेला असतो, आणि त्याचे घर तोवर दवाखान्याच्या दारात बसलेले असते. ह्या मुदतीविरुद्धचे आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आहे, ही समाधानाची गोष्ट.

भरपाईच्या मापाबाबत मात्र न्यायालयांनी कायद्याच्या अक्षरापुढे पाऊल टाकले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २०१० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरने दिलेली शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीचा ऱ्हास ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. हात तुटलेला सरकारी कारकून आपल्या नोकरीवर राहू शकेल, तोच हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर धंद्याला मुकेल. मेंदूच्या जखमेस हा निकाल सर्वांहून अधिक लागू पडतो. तीस वर्षांचा, महिना १५,००० रुपये मिळवणारा माणूस घेतला, तर २००९ च्या निकालाने रूढ झालेल्या गुणकांप्रमाणे त्याच्या वर्षाच्या १,८०,००० रुपयांस १७ ने गुणावे लागते. दाखल्यावर शेकडा २० लिहिले गेले आणि तेच प्रमाण धरले, तर कमाईची हानी ६,१२,००० रुपये, आणि तो कोणतेही काम करू शकत नाही हे शाबीत झाले, तर ३०,६०,००० रुपये. भविष्यातील वाढ, औषधपाणी आणि वेदना हे निराळेच. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने, हरियाणातील बारा वर्षांच्या वयात डोक्यास मार बसून तान्ह्या मुलाच्या बुद्धीवर येऊन ठेपलेल्या एका मुलीस ६२ लाख २७ हजार रुपये देवविले, आणि त्यात दोन परिचारकांचा जन्मभराचा खर्च धरला. ज्या घरात आईच परिचारक असते, त्या घरातल्या श्रमांना इतक्या स्पष्टपणे किंमत दिलेली मी दुसरीकडे फारशी वाचलेली नाही.

अमरावती किंवा अकोला येथील जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारी थोडा वेळ बसले, तर अशी कुटुंबे ओळखू येतात. नवरा चालत आलेला असतो, शर्टाची बटणे बायकोने लावलेली असतात, आणि कोणी नाव विचारले की तो आधी तिच्याकडे पाहतो. एका बाईने वकिलाला सांगितलेले वाक्य मी विसरलेलो नाही: “हाडं त सारी सलामत हायेत जी, पन मानूस पयल्यासारखा नाई रायला.” दावा म्हणून तिला जे काही म्हणावयाचे होते, ते सर्व ह्या एका वाक्यात आले होते, परंतु उलटतपासणीत त्या वाक्यास आधार हवा असतो, आणि तो आधार कागदांचा असतो. विसरणे, भडकणे, पैशाचा हिशेब न जमणे, रस्त्यात वाट चुकणे, हे सीटी स्कॅनच्या चित्रात उमटत नाही. त्यासाठी मानसतज्ज्ञाची चाचणी, मज्जातंतू शल्यविशारदाची साक्ष आणि मालकाचा दाखला हे निरनिराळे पुरावे एका नस्तीत यावे लागतात.

म्हणून हे वाचणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांस माझी कळकळीची विनंती आहे. डोक्यास मार लागला आणि हाड मोडले नाही, तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन वैद्यकीय नोंद करवून घ्या, आणि ‘बरे आहे’ म्हणून घरी परतलेल्या माणसावर महिनाभर लक्ष ठेवा. पहिल्या दिवसाची चिठ्ठी, स्कॅनच्या फिल्मा, पोलिसांची फिर्याद व पंचनामा, औषधांच्या पावत्या आणि अपघातापूर्वीच्या मजुरीचा कोणताही कागद एका पिशवीत ठेवा, आणि सहा महिने सरण्याच्या आत ती पिशवी घेऊन न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि अल्प उत्पन्नाची माणसे ह्यांस तेथे वकील विनामूल्य मिळतो. धडक देणारे वाहन पळून गेले असले तरी जाण्याचे टाळू नका. अशा अपघातातील गंभीर जखमीस ५० हजार आणि मृताच्या वारसांस २ लाख रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, आणि तिचा अर्ज तहसील कचेरीत घेतला जातो.